भाचीला सनद मिळतेय, कॉर्नेलिया सोराबजीवरून एखादा दागिना करून घेता येईल का?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी भाची एलएलबी झाली. बहिणीची मुलगी, पण शाळेच्या सगळ्या सुट्ट्या माझ्याकडेच काढल्यात तिनं, त्यामुळे निम्मी माझीच. आता महिन्याभरात बार कौन्सिलची सनद हातात येईल. आमच्या दोन्हीकडच्या घरात मिळून ही पहिलीच वकील. आमची आई जन्मभर म्हणत आली की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि आता तिचीच नात ती पायरी रोज चढणार, तर आईचा आनंद असा आहे की सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा सांगून झालंय.

मला तिला काहीतरी दागिना द्यायचाय. सोनं आता माझ्या आवाक्यातलं राहिलेलं नाही त्यामुळे चांदी, बजेट आठ ते दहा हजार. ऑनलाइन शोधलं तर वकिलांसाठी म्हणून जे काही मिळतं ते सगळं एकाच साच्यातलं, तराजूचं पेंडंट, डोळ्याला पट्टी बांधलेली बाई, नाहीतर हातोडा. आणि मग एक वेगळं दिसलं, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या रूथ बेडर गिन्सबर्ग होत्या ना, त्यांच्या त्या प्रसिद्ध कॉलरच्या आकाराचे कानातले, पिना, अंगठ्या. ते बघून वाटलं कल्पना झकास आहे, पण मग आपल्याकडच्या बाईवर का नको? मी मूळची नाशिकची आणि कॉर्नेलिया सोराबजी, ती जुन्या काळची वकीलबाई, जन्मली नाशिकला एवढं मला शाळेपासून माहितीये. त्यापलीकडे फारसं नाही हे कबूल करते.

माझ्या डोक्यात होतं की तिचा तो जुना फोटो आहे ना, डोक्यावरून साडी घेतलेला, त्यावरून चेहरा कोरून लॉकेट करावं. कुणी असं काही करून घेतलंय का? साधारण काय खर्च येतो? आणि मुख्य म्हणजे ती हे कोर्टात घालू शकेल का, की कपाटातच पडून राहील?

काळाकोट

अभिनंदन भाचीचं. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण बाकीच्यातलं मला कळत नाही. बार कौन्सिलचे नियम आहेत ते कपड्यांचे. बायकांसाठी काळं जॅकेट किंवा काळा ब्लाऊज, पांढरी कॉलर, बँड (गळ्यावरच्या दोन पांढऱ्या पट्ट्या), वरून गाऊन, साडी किंवा सलवार कमीज असेल तर पांढरा काळा किंवा फिकट सौम्य रंग, त्यावर नक्षी नको. दागिन्यांबद्दल त्या नियमात काही वाचल्याचं मला आठवत नाही, पण न लिहिलेले नियम लिहिलेल्यांपेक्षा कडक असतात हे तिला पहिल्याच आठवड्यात कळेल. गळ्यात काही घातलंत तर ते बँडखाली जाणार म्हणजे दिसणारच नाही, किंवा बँडला अडकत राहणार. लोंबते कानातले, खळखळणाऱ्या बांगड्या, यावरून सीनियर लोक टोकतात, त्यात बायका सीनियर जास्त टोकतात असा माझ्या बायकोचा अनुभव (तीही वकील आहे, हे वाचणार आहे, तिनं परवानगी दिलीये).

तेव्हा लॉकेट नको. काही करायचंच तर कोटाच्या कॉलरला लावायची छोटी पिन करा. उलटतपासणीच्या वेळी साक्षीदार तिच्याकडे बघेल, पिनेकडे नाही, एवढी छोटी.

आणि हातोडा घेतला नाहीत ते बरं केलंत. आपल्या कोर्टात हातोडा नसतोच. तीस वर्षांत एकाही जजसाहेबांना हातोडा आपटताना पाहिलेलं नाही, ते सगळं सिनेमातलं. अजून एक, सनद मिळाली की दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हायची असते, दागिन्याच्या गडबडीत तिला तेवढं विसरू देऊ नका.

न्यूजर्सीकर

गिन्सबर्ग बाईंच्या कॉलरबद्दल थोडं सांगते, कारण इथे त्या कॉलरचं इतकं खूळ आहे की माझ्या मुलीच्या शाळेत हॅलोवीनला एका वर्गात चार-चार गिन्सबर्ग असतात.

मूळ गोष्ट अशी की जजचा काळा झगा पुरुषांसाठीच बेतलेला, गळ्याशी शर्ट आणि टाय दिसावा म्हणून मोकळी जागा सोडलेली. बायकांना टाय नाही, म्हणजे ती जागा नुसतीच रिकामी. म्हणून तिथल्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर आणि नंतर १९९३ मध्ये आलेल्या दुसऱ्या, म्हणजे गिन्सबर्ग, या दोघींनी ठरवलं की त्या जागी आपलं काहीतरी बायकी घालायचं. मग लेसच्या, मण्यांच्या, जगभरातून भेट आलेल्या कॉलरी जमत गेल्या. बहुमताचा निकाल वाचायचा असला की एक ठरलेली पिवळट सोनेरी, ती त्यांच्या हाताखालच्या क्लार्क लोकांनी दिलेली, आणि विरोधी मत वाचायचं असलं की ती काळी चमकती. म्हणजे तोंड उघडायच्या आधीच कळायचं की आज बाई सहमत नाहीत. २०१६ च्या निवडणुकीच्या (ट्रम्प निवडून आले ती) दुसऱ्या दिवशी कोर्टात कुठलंच विरोधी मत वाचायचं नव्हतं तरी त्या ती काळीच घालून आल्या, यावरून काय चर्चा झाली होती इथे!

गंमत म्हणजे ती काळी कॉलर कुणा मोठ्या जवाहिऱ्याची नव्हे, बनाना रिपब्लिक या मॉलमधल्या ब्रँडचा नेकलेस, एका पुरस्कार समारंभात पाहुण्यांना दिलेल्या पिशवीत आलेला. पुढे कंपनीनं तोच पुन्हा काढला, तर हातोहात संपला. १८ सप्टेंबर २०२० ला त्या गेल्या आणि त्यानंतर तर कानातले, ब्रोच, की-चेन, सगळ्यावर ती कॉलर आली.

पण खरं सांगू, मी पहिल्यांदा तिचा फोटो पाहिला तेव्हा मला वाटलं ही तर आपली ठुशी नाहीतर चिंचपेटी, फक्त थोडी खाली सरकलेली. गळ्यालगत बसणारा, दुरून ओळखू येणारा दागिना आपल्याकडे पेशवाईपासून आहे, त्यासाठी अमेरिकेतून मागवायला नको.

खवचट_काकू

चिंचपेटी घालून कोर्टात गेली तर वकील कमी आणि नवरी जास्त दिसेल. कळवते आपलं.

जुन्यावाटा

रानजाई, नाशिक बरोबर, १५ नोव्हेंबर १८६६. पण नाशिक फक्त जन्मापुरतं, लहानपण बरंचसं बेळगाव आणि पुण्यात गेलं. वडील पारशी, पण ख्रिस्ती झालेले मिशनरी, आणि आई फ्रान्सिना, जिनं पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं. बहीण सूझी हिनं सेंट हेलेनाज काढली, पुण्यात ज्यांच्या आया-आज्या त्या शाळेत होत्या त्यांनी हात वर करा.

कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. परीक्षेत इतकी वर आली की विलायतेला जायची सरकारी स्कॉलरशिप तिला मिळायला हवी होती, पण ती मुलग्यांसाठी होती म्हणून नाही मिळाली. मग काही दिवस अहमदाबादला गुजरात कॉलेजात शिकवलं, वर्गात सगळे मुलगे. तिकडे इंग्लंडात ओळखीच्या बायकांनी वर्गणी जमवली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल पण होत्या, आणि १८८९ मध्ये ही ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात पोचली. तिथे कायदा शिकणारी पहिली बाई, इंग्रज मडमांच्याही आधी. १८९२ मध्ये परीक्षेला बसली तर त्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. आणि परीक्षा देऊनही डिग्री नाही! कारण बायकांना डिग्री द्यायची नाही असाच नियम. तो १९२० मध्ये बदलला आणि हिनं आपली डिग्री १९२२ मध्ये जाऊन घेतली, म्हणजे तीस वर्षांनी. आपल्याकडे मार्कशीट दोन महिने लेट आली तरी आपण विद्यापीठाच्या नावानं शंख करतो.

इकडे परत आल्यावर मुंबईची एलएलबी झाली, अलाहाबादची प्लीडरची (म्हणजे वकिलीची) परीक्षा दिली, तरी कोर्टात वकील म्हणून उभं राहायला परवानगी नाही. मग तिनं सरकारच्या मागे लागून लागून एक जागा निर्माण करायला लावली, १९०४ मध्ये. कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणजे ज्या इस्टेटींचे वारस अल्पवयीन मुलं किंवा विधवा बायका, त्यांची देखरेख करणारं सरकारी खातं, तिथे बायकांसाठी सल्लागार. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम इतका पसारा. कारण त्या जमीनदारणी पडद्यातल्या, परपुरुषासमोर यायच्या नाहीत, आणि वकील तर सगळे पुरुष. म्हणजे इस्टेट लाखोंची पण मालकिणीला स्वतःच्या वकिलाशी बोलता येत नाही, मधले कारभारी आणि दीर-भाचे सांगतील तिथे अंगठा. ही बाई पालखीतून, होडीतून, हत्तीवरून त्या वाड्यांमध्ये जायची आणि आत जनान्यात बसून कागद वाचून दाखवायची. असं वीसेक वर्षं.

चेहऱ्यापेक्षा यातलं काहीतरी दागिन्यात यावं असं मला वाटतं. पालखी कशी वाटते?

रविवारपेठी_सोनार

धंदा आमचा चांदीचा, तीन पिढ्या, त्यामुळे कामाचं बोलतो.

ताई, चेहरा करू नका. रुपयाएवढ्या चांदीवर माणसाचा चेहरा कोरला की तो कुणाचाच राहत नाही. गेल्या वर्षी एकांनी वडिलांचा फोटो दिला होता, पेंडंट छान झालं, पण घरचे म्हणाले हे तर शेजारचे काका दिसतात. ठशाचं नाणं करतात तिथे चेहरा जमतो कारण डाय करायला दहा-दहा दिवस बसणारा माणूस असतो आणि तो खर्च हजारो नगांवर जातो, तुमच्या एका नगावर तो बसवला तर बजेट गेलंच.

पालखी पण नको. बारीक दांडे, वर घुमट, खाली झालर, कोटाला लावल्यावर कशात तरी अडकून पहिल्या महिन्यात दांडा वाकणार. पिन म्हटली की आकार भरीव आणि कडा गोल पाहिजेत, टोकं नकोत. साधा पक्षी, पान, शंख, हत्ती, असलं काहीतरी.

काम दोन प्रकारे होतं. एक, पत्रा कापून मागून ठोकून फुगवायचा आणि पुढून छिन्नीनं रेषा काढायच्या, ते हाताचं काम, दोन नग कधी सारखे होत नाहीत. दुसरं, मेणाचा नमुना करून कास्टिंग, म्हणजे ओतकाम. हल्ली कॉम्प्युटरवर डिझाइन करून मेण प्रिंट होऊन येतं, सफाई जास्त पण मला विचाराल तर जीव कमी. चांदी ९२.५ टक्क्यांची वापरा, शुद्ध चांदी मऊ असते, पिनेला ताकद राहत नाही. साडेतीन सेंटिमीटरचा पोकळ नग आठ-नऊ ग्रॅममध्ये बसतो. चांदीचा भाव रोज उड्या मारतोय त्यामुळे रुपयात सांगत नाही, पण अशा कामात चांदीपेक्षा घडणावळ जास्त पडते हे आधीच मनाशी धरा आणि तरी तुमच्या बजेटमध्ये आरामात होईल.

पिनेला मागे दोन काटे लावून घ्या. एक काटा असला की नग फिरतो आणि हत्ती असला तर तासाभरात डोक्यावर उभा राहतो.

टेम्सकाठ

ब्रोचचा विषय निघालाच आहे तर लेडी हेल यांना विसरू नका हो. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा. २४ सप्टेंबर २०१९ ला त्यांनी निकाल वाचला की पंतप्रधानांनी पार्लमेंट तहकूब करायला लावलं ते बेकायदा, अकराच्या अकरा न्यायमूर्ती एकमतानं. आम्ही ऑफिसात काम सोडून लाइव्ह बघत होतो आणि सगळ्यांचं लक्ष त्यांच्या खांद्याकडे, कारण काळ्या ड्रेसवर हा एवढा मोठा चमकता कोळी! त्याच दिवशी त्या कोळ्याचे टी-शर्ट विकायला आले, त्यातून बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला पैसे गेले. जाळ्यात कोण अडकलं यावर लोकांनी नाही नाही ते अर्थ काढले. त्यांचं म्हणणं की मी किडे-बेडूक असले ब्रोच नेहमीच घालते, नवरा आणून देतो, त्या दिवशी ड्रेसवर तो होता म्हणून तो. आणि तो कोळीसुद्धा शुभेच्छापत्रांच्या दुकानातला, बारा पौंडांचा होता असं पेपरात आलं होतं. पुढे त्यांनी आपल्या आत्मचरित्राच्या नावातच कोळी घेतला.

मला यातून एवढंच सुचवायचंय की प्राणी चालतो. तराजू घातला की वकील आहे एवढंच कळतं, कोळी घातला की माणसं विचारतात हे काय आणि का.

बाय द वे इथे लिंकन्स इनमध्ये (बॅरिस्टरांची जुनी संस्था) कॉर्नेलियाचा अर्धपुतळा आहे, २०१२ मध्ये बसवलाय. लंडनलाच वारली ती, १९५४ मध्ये.

ठणठणपाळ_नव्हे

विरजण घालतोय, माफ करा. पण सगळे कॉर्नेलियाची आरती करताय म्हणून सांगतो, बाई पक्क्या इंग्रजधार्जिण्या होत्या. गांधींना विरोध, स्वराज्याला विरोध, आणि १९२७ मध्ये त्या अमेरिकन कॅथरिन मेयोबाईंनी 'मदर इंडिया' लिहून आपल्या सगळ्या देशाची लाज काढली तेव्हा ह्या मेयोच्या बाजूनं बोलल्या. १९०९ मध्ये कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं होतं सरकारकडून, म्हणजे दागिना तर तिला ऑलरेडी मिळालेला आहे.

पहिलेपणाचंच कौतुक असेल तर मिठन टाटा (लग्नानंतर लाम) घ्या ना. १९२३ च्या जानेवारीत बॅरिस्टर झाली, भारतीय बायकांत पहिली, कॉर्नेलियाच्या काही महिने आधी. मुंबई हायकोर्टातली पहिली स्त्री वकील. त्याआधी १९१९ मध्ये आईबरोबर लंडनला जाऊन भारतीय बायकांना मताचा हक्क द्या म्हणून साक्ष देऊन आलेली. १९४७ मध्ये मुंबईची शेरीफ. नामवंत वकील भुलाभाई देसाईंच्या चेंबरमध्ये होती. तिची पहिली केस कशी मिळाली ते तिनंच सांगितलंय, पक्षकार म्हणाला माझी केस इतकी पक्की आहे की जिंकणारच, मला फक्त समोरच्याला बाईकडून हरवल्याची नामुष्की द्यायचीये, म्हणून ही वकील द्या.

जुन्यावाटा

@ठणठणपाळ_नव्हे, मुद्दा मान्य, लपवायचं कारणच नाही. मेयो प्रकरणानंतर तिच्या स्वतःच्या कामालाही फटका बसला, ज्या बायकांबरोबर समाजकार्य करायची त्यांनीच पाठ फिरवली. पण पडद्यातल्या शेकडो बायकांची इस्टेट तिनं वाचवली ती गांधींना विचारून नव्हे आणि व्हाइसरॉयला खूश करायलाही नव्हे. ज्यांना वकील भेटूच शकत नव्हता त्यांना वकील भेटला, वकिलाच्या भेटीत एवढं पुरे आहे की. मिठनबाई थोरच, पण तिच्यावरून काय घडवणार, पक्षकाराची नामुष्की?

आणि हो, सोनारकाका हत्ती म्हणाले ना, त्यावरून मला एकदम आठवलं!! कॉर्नेलियाचा एक अशील खरोखरचा हत्ती होता. गुजरातेतल्या पंचमहालकडच्या एका छोट्या संस्थानातली गोष्ट, तिनंच आठवणींत लिहिलीये. आधीच्या राजानं त्या हत्तीच्या नावे झाडी राखून दिलेली, चरायला, आणि नव्या राजानं ती काढून घेतली. हिनं हत्तीचं वकीलपत्र घेतलं. तिथे जाऊन बघते तर निकाल देणारा तोच राजा, म्हणजे ज्यानं जागा घेतली तोच न्यायाधीश. बागेत झोपाळ्यावर बसलेला, शेजारी त्याचा कुत्रा. ही आपली घाबरत घाबरत युक्तिवादाची जुळवाजुळव करतेय तोवर कुत्रा हिच्याशी लाडात आला, आणि राजा म्हणाला माझ्या कुत्र्याला तुम्ही आवडलात, केस तुम्ही जिंकलात. संपलं. इतकं शिकून, ऑक्सफर्डला भांडून, कुत्र्यानं शेपूट हलवली म्हणून केस जिंकली.

खवचट_काकू

अजूनही काही कोर्टांत याहून वेगळं नसतं म्हणे. पण हत्ती पाहिजेच. मी तर म्हणते हत्ती पुढे आणि कुत्रा मागे.

काळाकोट

बायकोनं वाचलं आणि म्हणतेय मला पण हत्ती पाहिजे. सोनारकाका, दोन नगांना डिस्काउंट आहे का?

एक भर घालतो, हे आमच्याकडे ज्युनियर मंडळींना मी मुद्दाम सांगतो. १९१६ मध्ये कलकत्त्याला रेजिना गुहा नावाच्या बाईंनी वकिलीसाठी अर्ज केला होता. कायद्यात शब्द होता की पात्र असलेली कुठलीही व्यक्ती, आणि त्या पात्र होत्याच. पाच न्यायाधीश बसले आणि निकाल काय, तर व्यक्ती म्हटलं तरी त्यात बाई येत नाही. पुढे १९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांचा अर्जही फेटाळला. आणि त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टानं मात्र कॉर्नेलियाला वकील म्हणून घेतलं, तिच्या वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. मग १९२३ चा कायदा आला, फक्त बाई आहे म्हणून वकिलीला अपात्र ठरवता येणार नाही असा. तोवर हायकोर्ट बदललं की बाई व्यक्ती व्हायची किंवा नाही व्हायची.

न्यूजर्सीकर

अरे मग मागच्या बाजूला तोच शब्द कोरा ना! पुढे हत्ती, मागे नुसतं "व्यक्ती". कोटाला लावल्यावर कुणाला दिसणार नाही, घालणारीलाच माहीत.

जुन्यावाटा

काय सुचलंय. आणि बघा, त्या राजाच्या दरबारात हत्तीचं वकीलपत्र चाललं, पण वकीलपत्र घेणारी बाई हायकोर्टात व्यक्ती नव्हती.

रविवारपेठी_सोनार

होईल, पण अडचण सांगतो. हत्तीच्या पोटाला मागून झाकण झाळायला लागेल, म्हणजे पाठ सपाट मिळेल, त्यावर अक्षर. झाळ आधी, अक्षर नंतर, नाहीतर उष्णतेनं अक्षराच्या कडा बसतात. "व्य" आणि "क्ती" दोन्ही जोडाक्षरं, हातानं छिन्नीनं कोरायची तर चार मिलिमीटरपेक्षा लहान करू नका, क च्या पोटातली जागा बुजते. लेझरनं याहून बारीक जमतं पण लेझरची रेघ उथळ असते, घासून घासून दहा वर्षांत जाते. मी असतो तर हातानं केलं असतं. दोन काट्यांच्या मधोमध अक्षर येईल असा माप घ्या.

सोंड खाली, अंगालगत ठेवा. सोंड वर केलेला हत्ती लोकांना शुभ वाटतो म्हणून मागतात, पण तीच सोंड गाऊनच्या चुण्यांत अडकणार. पॉलिश चकचकीत नको, काळपट ऑक्सिडाइज करून उंचवटे तेवढे घासून घ्या, काळ्या कोटावर रेषा उठून दिसतील आणि सारखं पुसत बसावं लागणार नाही. गंधक असलेल्या रबर बँडबरोबर डबीत ठेवू नका.

डिस्काउंटचं काळाकोट साहेबांना व्यक्तिगत निरोपात कळवतो. वकिलाशी भावात घासाघीस चारचौघांत करू नये.

मधलीआळी

वाचतेय. पुढच्या वर्षी मुलगी सीए होतेय, तिच्यासाठी कुठला प्राणी?

खवचट_काकू

मुंगूस. सापडलेलं बिळ सोडत नाही.

रानजाई

बाप रे, दोन दिवस लग्नाला गेले होते, येऊन बघते तर एवढं सगळं. सगळ्यांचे खूप खूप आभार.

काल रात्री बसून सगळं परत वाचलं. खरं सांगायचं तर मी कॉर्नेलिया निवडली ती फक्त नाशिक म्हणून, आपल्या गावची आहे एवढ्या कौतुकापोटी. मेयोबद्दल वाचून थोडं खट्टू व्हायला झालं, मग म्हटलं भाचीला हे पण सांगायचं, ती वकील आहे, दोन्ही बाजू तिनं ऐकल्या पाहिजेत. उगाच देवी करून गळ्यात घालायला नको म्हणूनही चेहऱ्याचा विचार सोडला. हत्तीला कुणाचाच आक्षेप नाही.

तर ठरलंय: हत्ती, सोंड खाली, काळपट, मागे व्यक्ती, दोन काटे. नाशिकच्या सराफ बाजारात आमच्या ओळखीचे आहेत त्यांच्याकडे आजच जाऊन आले. त्यांनी आधी विचारलं गणपती का नको, ताई, गणपतीचा साचा तयार आहे. त्यांना अख्खी केस सांगितली, झोपाळा, राजा, कुत्रा सगळं. ऐकून झाल्यावर म्हणाले, मग झाडीचं एखादं पान पण द्यायला पाहिजे की हत्तीला, त्याचसाठी भांडला ना तो. तर आता सोंडेत एक छोटं पान आहे, सोंडेलाच चिकटलेलं, अडकणार नाही असं. सोनारकाका, चालेल ना? घडणावळ चांदीच्या दुप्पट सांगितलीये, जास्त नाही ना?

आईला दाखवायला कागदावर काढून आणलाय. ती म्हणतेय हत्ती छान आहे पण पिनेचं टोक बोथट करून घे, पोरगी धांदरट आहे.

रविवारपेठी_सोनार

पान चालेल, देठ जाड ठेवायला सांगा. घडणावळ हाताच्या कामाला ठीक आहे. पिनेचं टोक बोथट केलं तर कोटात शिरणार नाही, आईंना सांगा काट्याला वरून टोपी येते.